रेस उतरत नाही, तोवर घाट उतरू नका

पत्र : काका, नमस्कार. मी वाईत राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत शिकवते. रोज पसरणी घाटाने जाणं-येणं असतं. गाडी बाबांची, २००४ ची इंडिका व्ही-टू, डिझेल, टर्बो नसलेली. गेल्या वर्षी पिकअप कमी वाटायला लागलं म्हणून बाबांनी इंजिनाला डिझेल देणारा पंप ‘सेट’ करून आणला. तेव्हापासून गाडी पळते चांगली, पण चढाला काळा धूर सोडते. आता नवीनच सुरू झालंय. एक्सिलेटरवरून पाय काढला तरी गाडी लगेच मंदावत नाही. घाट उतरताना कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटतं. क्लच दाबला की रेस क्षणभर वरच अडकते, मग सावकाश खाली येते. ब्रेकचं पेडलही हल्ली घट्ट लागतं. आमचे मिस्त्री म्हणतात पंप उतरवून पूर्ण खोलावा लागेल. बाबा म्हणतात जुन्या डिझेलचं असंच असतं, सवय करून घे. कुणाचं ऐकू? आणि ही गाडी ठेवावी की विकावी?

ताई, सर्वात आधी एक सांगतो. हे दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. थोडे दिवस एसटीने जा, वडापने जा. रेस न उतरणं आणि ब्रेक घट्ट लागणं यातली एक गोष्ट असती तर सांभाळून चालवा म्हटलं असतं. दोन्ही एकाच गाडीत असताना पसरणीच्या वळणांवर जाणं मला मुळीच पटत नाही.

बाबांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. पेट्रोल गाडीत पाय काढला की हवेच्या वाटेतलं थ्रॉटलचं पातं मिटतं. इंजिनाला त्या फटीतून हवा ओढायला जोर लावावा लागतो आणि तोच जोर गाडीला मागे खेचतो. तुमच्या डिझेल इंजिनात ते पातंच नाही. हवा कायम मोकळी येते, पाय फक्त डिझेल किती जायचं ते ठरवतो. डिझेलचं कॉम्प्रेशन इतकं जास्त, मग इंजिन ब्रेकिंगही जास्तच असणार, असं पुष्कळ जण समजतात. पण सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा रेटला आणि सोडला तर तो परत वर येतो ना, तसंच इथे होतं. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते आणि घेतलेला बराचसा जोर परत देते. म्हणूनच मोठ्या ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवावा लागतो. तेव्हा जुनी डिझेल गाडी पाय काढल्यावर पेट्रोलपेक्षा थोडी जास्त घरंगळते, हे खरंच. पहिल्या-दुसऱ्या गियरला पाय सोडूनही ती माणसाच्या चालीने पुढे सरकत राहते, तेही खरं, कारण पंपातला गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, इंजिन बंद पडू देत नाही.

पण क्लच दाबल्यावर रेस वर अडकून राहते, ही गोष्ट त्यात बसत नाही. पाय काढलेला असेल आणि इंजिन आयडलिंगच्या बरंच वर फिरत असेल, तर धड पंप डिझेल पूर्ण बंद करतो, शून्य. क्लच दाबला की रेस सरळ खाली यायला हवी. ती येत नाही याचा अर्थ इंजिनाला अजून कुठून तरी खाद्य मिळतंय. ही सवय करून घेण्याची गोष्ट नाही. आणि मिस्त्रींचंही लगेच ऐकू नका, कारण पंप खोलण्याआधी बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक बॉनेट उघडून अर्ध्या तासात बघता येतात.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल. आधी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढून बाहेर ठेवा. बाजारातली जाड रबरी मॅट पुढे सरकून पेडलच्या मुळाशी अडकतात, आणि हे कारण इतकं क्षुल्लक वाटतं की कुणी बघतच नाही. मग बाबांना आत बसवा, तुम्ही पंपाशी उभ्या राहा. पंपाच्या डोक्यावर एक लोखंडी लिव्हर दिसेल, तिला एक्सिलेटरची केबल जोडलेली असते आणि तिच्या मुळाशी गुंडाळी स्प्रिंग असते. लिव्हर ज्याला येऊन टेकते तो लहान स्क्रू आयडलिंगचा. इंजिन बंद ठेवूनच बाबांना पेडल पूर्ण दाबून एकदम सोडायला सांगा. लिव्हर झटक्यात मागे येऊन त्या स्क्रूवर ‘टक्’ आवाज करत आदळली पाहिजे. कान देऊन ऐका. आवाज न करता सावकाश येत असेल, किंवा स्क्रू आणि लिव्हर यांच्यात नखभर फट राहत असेल, तर दुखणं पंपाच्या बाहेर आहे. हे चार-सहा वेळा करा, कारण तुटत आलेली केबल दर वेळी अडकत नाही.

फट राहत असेल तर इंजिन चालू करा, बोटाने लिव्हर मागे ढकला आणि रेस पडते का पहा. पंख्याच्या आणि पट्ट्यांच्या बाजूला ओढणी, बाही, केस जाऊ देऊ नका. रेस पडली तर इंजिन बंद करून केबलचं टोक लिव्हरवरून काढा आणि लिव्हर नुसत्या हाताने फिरवा. आता ती टक् करून परत आली तर केबल गेली आहे, पंपाचा दोष नाही. केबल बहुतेक पेडलच्या टोकाशी खराब होते. आतल्या तारेचा एखादा पदर तुटतो, त्याचं टोक नळीच्या आत काट्यासारखं रुततं, आणि केबल ओढली जाते पण परत सरकत नाही. दुसरी जागा इंजिनाशेजारची. क्लचचं किंवा हेडचं काम झाल्यावर केबल पूर्वीच्या वाटेने बसवली नाही तर ती एक्झॉस्टला टेकते आणि वरची प्लास्टिकची नळी वितळून आत चिकटते. अशा केबलमध्ये ग्रीस भरू नका. आत नायलॉनचं अस्तर असतं, ग्रीसला धूळ चिकटते आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट होतं. नवीन घ्या. बसवताना एवढंच बघा की पाय काढलेला असताना केबल किंचित सैल राहते आणि पेडल पूर्ण दाबल्यावर लिव्हर दुसऱ्या टोकाच्या स्क्रूला टेकते. केबल अगदी ताणून बसवली तर इंजिन हललं की रेस आपोआप चढते.

केबल काढूनही लिव्हर जडच येत असेल तर स्प्रिंग मऊ झाली आहे, नाहीतर लिव्हरची दांडी पंपाच्या झाकणात जिथून आत जाते तिथलं बुश झिजलं आहे. बुशाच्या भोवती डिझेल पाझरून काळं, चिकट कीट साठलेलं दिसेल. स्वच्छ पुसून पुन्हा बघा, कधी कधी तेवढ्यानेही काम होतं. एक मात्र करू देऊ नका : ट्यूबची पट्टी कापून लिव्हरला बांधणं, किंवा कुठली तरी जाडजूड स्प्रिंग जास्तीची लावणं. गॅरेजात हा उपाय सर्रास होतो. त्याने लिव्हर येते परत, पण मूळ कारण झाकलं जातं, पेडल जड होतं आणि केबलवर नको तेवढा ताण येतो.

गाडीला एसी असेल तर पंपाजवळ एक गोल डबी आणि तिला जोडलेली रबरी नळी दिसते का पहा. एसी लावल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून ती लिव्हरला थोडं ओढून धरते. एसी बंद केल्यावर तिने लिव्हर पूर्ण सोडली पाहिजे. सोडत नसेल तर ती नळी काढून बघा, लगेच समजेल.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला खटकली तिच्याकडे येतो. पंप ‘सेट’ करून आणला, गाडी पळायला लागली आणि चढाला काळा धूर. लिव्हर टक् करून जागेवर येत असेल आणि तरीही रेस सावकाश उतरत असेल, तर माझा पहिला संशय त्या सेटिंगवर आहे.

तुमच्या गाडीचा पंप रोटरी, म्हणजे एकच प्लंजर चारही नोझलना पाळीपाळीने डिझेल देतो. त्या प्लंजरवर एक कडं असतं. कडं एका बाजूला सरकलं की डिझेल जास्त, दुसऱ्या बाजूला सरकलं की कमी, आणि टोकाला गेलं की बंद. कडं हलवणाऱ्या तरफेला एका बाजूने तुमचा पाय स्प्रिंगमार्फत ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने गव्हर्नरची फिरती वजनं ढकलतात. पाय काढला की स्प्रिंगचा जोर जातो, वजनं जिंकतात, डिझेल बंद होतं. पंपाच्या मागच्या बाजूला, नोझलचे पाइप निघतात त्याच्या वरच्या अंगाला, एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की फुल लोडचं डिझेल वाढतं. कंपनीतून तो पंप तपासायच्या टेबलवर मोजून लावतात आणि सील करतात. पिकअप हवं म्हटलं की पुष्कळ ठिकाणी सील तोडून हाच स्क्रू आत घेतात.

हा स्क्रू फक्त वरचं डिझेल वाढवून थांबत नाही. तो सगळी तरफच जास्त डिझेलच्या बाजूला सरकवतो. मग पाय काढल्यावरही वजनांना कडं पूर्ण मागे न्यायला जास्त वेगाने फिरावं लागतं. आयडलिंग आपोआप चढतं. ते चढलं म्हणून आयडलिंगचा स्क्रू मागे घेतला जातो. उभ्या गाडीत सगळं ठीक वाटतं, लिव्हर जागेवर, आवाज बरा. पण रस्त्यावर पाय काढला की रेस वरच रेंगाळते आणि थांबत थांबत खाली येते. हद्दीच्या बाहेर फिरवला तर ती खाली येतच नाही. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात. तेव्हापासून लगेच न होता आता का जाणवायला लागलं, याचं उत्तर केबल किंवा स्प्रिंगमध्ये असू शकतं. आधीच काठावर असलेल्या पंपाला थोडीशी जड लिव्हरही पुरते.

मिस्त्रींना विचारा, त्या स्क्रूचं सील शाबूत आहे का. तुटलेलं असेल तर त्यांच्याकडून एवढंच करून घ्या : स्क्रू आणि नट जसे आहेत तशी रंगाची खूण करायची, मग नट ढिला करून स्क्रू अष्टमांश फेरा बाहेर घ्यायचा, नट आवळायचा आणि रेस देऊन बघायची. रेस लवकर उतरायला लागली तर निदान पक्कं झालं. आयडलिंग थोडं पडेल, ते मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेऱ्यांच्या आसपास परत लावावं लागेल. हे फक्त ओळख पटवण्यापुरतं. पक्कं काम पंप-नोझलवाल्याच्या टेबलवरच झालं पाहिजे, जिथे प्रत्येक वेगाला किती डिझेल पडतं ते काचेच्या नळ्यांत मोजतात. त्याच्याकडून आकड्यांचा कागद मागून घ्या आणि सील लावूनच पंप घ्या.

पंप उतरवायचाच झाला तर एक लक्षात असू द्या. तो टायमिंग बेल्टवर चालतो. पंप काढला म्हणजे बेल्ट सैल होणार, खुणा जुळवून परत बसवावा लागणार. एखादा दात चुकला तर गाडी धूर सोडते, स्टार्टिंगला त्रास देते. जास्त दात चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. म्हणून साध्या केबलसाठी पंप उतरवू नये, आणि उतरवलाच तर बेल्टचं वय विचारून, गरज असेल तर त्याच वेळी नवा टाकावा.

पंपाचं सेटिंग टेबलवर ठीक निघालं आणि कडं मात्र अडकत अडकत सरकत असेल, तर दोष डिझेलमधल्या पाण्याचा किंवा जुन्या साठलेल्या चिकट थराचा. गाडी महिनोन्‌महिने उभी होती का, ते बाबांना विचारा. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी शेवटचं कधी सोडलं, तेही.

बाबांचा मूळ प्रश्न, पिकअपचा, तसाच राहिला आहे हेही खरं. स्क्रू मागे घेतला की ते परत कमी वाटेल. त्याचं उत्तर जास्त डिझेल ओतणं नव्हतं. आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, मग नोझलचं प्रेशर आणि फवारा, मग टॅपेट. वीस वर्षं चाललेल्या गाडीचे नोझल तपासलेलेच नसतात बहुतेक. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तुम्ही पैसे मोजून हवेत सोडताय, आणि पीयूसीच्या वेळी तेच आडवं येणार.

एक शक्यता कमी आहे पण धोक्याची आहे, म्हणून सांगून ठेवतो. डिपस्टिक ओढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल, किंवा बोटाला लावून हुंगल्यावर डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालू करू नका. जास्त झालेलं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून हवेच्या वाटेत जातं आणि इंजिन तेच जाळून धावायला लागतं. धूर निळसर-पांढरा आणि दाट असतो. अशा वेळी किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही, कारण किल्ली फक्त पंपाचं डिझेल तोडते. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, चौथा-पाचवा गियर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. तसं जमण्यासारखं नसेल तर बाहेर या आणि गाडीपासून लांब राहा. हवेच्या तोंडावर हात धरायला जाऊ नका.

चालत्या गाडीत रेस अडकली तर काय करायचं, हे तुम्हाला आणि बाबांना दोघांनाही तोंडपाठ हवं. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, उचलून परत परत दाबू नका. क्लच दाबा, गियर न्यूट्रलला आणा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या, केबलचाच दोष असेल तर गव्हर्नर त्याला हद्दीबाहेर जाऊ देत नाही. गाडी कडेला घेऊन थांबली की मगच किल्ली बंद. चालत्या गाडीत किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होतं, घाटात याच्याइतकं वाईट काही नाही.

आता ब्रेक. पेट्रोल इंजिन स्वतःच व्हॅक्यूम तयार करतं, डिझेल करत नाही, म्हणून तुमच्या गाडीत अल्टरनेटरच्या शेपटाला एक वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेक हलका लागतो तो त्याच्या जिवावर. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर आधी अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे का बघा, मग बूस्टरकडे, म्हणजे व्हॅक्यूमने ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडे, जाणारी नळी आणि तिच्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह. नळी वरून चांगली दिसते आणि क्लिपच्या खाली चिरलेली असते, म्हणून क्लिप सरकवून बघा. तिथेही काही सापडलं नाही तर व्हॅक्यूम पंप आणि त्याची ऑइलची नळी. ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल एकदम पोकळ जातं.

सगळं झाल्यावर पहिली फेरी सपाट मोकळ्या रस्त्यावर घ्या. तिसऱ्या गियरला चाळीसच्या वेगात पाय काढा, गाडी हळूहळू पण सलग मंदावली पाहिजे, मध्येच ढकलल्यासारखी वाटता कामा नये. मग क्लच दाबा, रेस लगेच आयडलिंगला यायला हवी. घाटात ज्या गियरला चढवता त्याच गियरला उतरवा. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करून उतरवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. गियरमध्ये पाय काढलेला असताना पंप डिझेल देतच नाही, न्यूट्रलला मात्र आयडलिंगपुरतं द्यावंच लागतं.

राहिला विकण्याचा प्रश्न. १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालेलं असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर एवढ्यासाठी गाडी विकू नका. पुण्यात बनलेली ही गाडी आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक गॅरेजला पाठ आहे, आणि वर सांगितलेली सगळी कामं धरली तरी तो दुसऱ्या गाडीचा खर्च नाही. निर्णय खालून घ्या. गाडी लिफ्टवर चढवायला लावा आणि दरवाज्याखालच्या पट्ट्या, मागच्या सस्पेन्शनच्या बैठका आणि ब्रेकचे लोखंडी पाइप टॉर्चच्या उजेडात बघा. घाटातला पाऊस आणि धुकं पत्र्याला खातं. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर आत जात असेल, तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका, गाडी मोडीत द्या. पत्रा घट्ट असेल तर केबल आणि ब्रेक या आठवड्यात, पंपाचं टेबल पुढच्या पगाराला, नोझल त्याच वेळी.